पाण्याखालील श्वासाचा हिशेब

दिल्लीजवळ मेहरौली येथे 'गंधक की बावडी' नावाची एक जुनी बारव आहे. ती तेराव्या शतकातील, सुलतान इल्तुत्मिशच्या काळातील मानली जाते. एके काळी आसपासची मुले तिच्या उंच काठावरून पाण्यात उड्या घेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची करमणूक करीत. छाती भरून घ्यायची, उडी टाकायची आणि श्वास संपण्यापूर्वी वर यायचे, एवढेच त्यांचे शास्त्र. त्यांना हिशेबाची गरज नव्हती. जवळ असलेली हवा छातीत मावेल तेवढीच, आणि ती संपत आल्याची वर्दी शरीर स्वतःच देत असे. छाती जड होई, कानशिले ठणकत आणि हातपाय आपोआप वरची वाट धरीत.

पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याचे तसे नसते. त्याला टाकीतील पहिला श्वास जितका सहज मिळतो, जवळजवळ तितक्याच सहज अखेरच्या काही श्वासांपूर्वीचा श्वासही मिळतो. टाकी रिकामी होत चालली तरी छाती तक्रार करीत नाही. मग एकाएकी दोन-चार श्वास ओढून घ्यावे लागतात आणि त्यानंतर हवा येतच नाही. बारवेतील मुलाला शरीर जे सांगत होते, ते या पाणबुड्याला आधी केलेल्या हिशेबाने आणि डोळ्यांसमोरच्या दाबमापकाने सांगावे लागते. हा हिशेब नवशिक्याला कसा शिकवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ शाळकरी गणिताचा नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

दिल्लीपासून समुद्र सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्राखालचे जग पाहण्याची ओढ या शहरात कमी नाही. दिल्ली आणि तिच्या परिसरातील तरणतलावांत सुटीच्या दिवशी तरुण मंडळी, क्वचित पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही, पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकताना दिसतात. तेथील धडे संपले, की कोणी अंदमानातील स्वराज द्वीप गाठतो, कोणी गोव्याला जातो, तर कोणी कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे वळतो. कोकणात मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येसाठी स्वतंत्र संस्थाच उभारली आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात दर हंगामात असंख्य हौशी माणसे उतरतात. मात्र दिल्लीच्या विद्यार्थ्याची एक खास अडचण आहे. तो ज्या पाण्यात शिकतो आणि ज्या पाण्यात पुढे उतरतो, त्या दोहोंच्या खोलीत फार मोठे अंतर असते. हवेच्या हिशेबातील सारी गोम या अंतरातच आहे.

पाठीवर टाकी घेऊन स्वैर संचार करण्याची ही साधने फार जुनी नाहीत. फ्रेंच आरमारातील अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ साली एक झडप सिद्ध केली. पाणबुड्याने श्वास ओढताच ती उघडते, आणि त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा त्याच्या तोंडी देते. ही समान दाबाची अट अत्यंत महत्त्वाची आहे. पाण्याचा भार छातीवर चोहोंकडून पडत असतो. आतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका नसेल, तर थोड्याशा खोलीवरही माणसाला छाती फुगवता येणार नाही. कुस्तो आणि गान्यां यांच्या झडपेने ही अडचण दूर केली. मात्र तिच्याबरोबर खर्चाची एक बाबही अटळपणे पदरात पडली.

ती बाब समजण्यासाठी रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम आठवावा लागतो. तापमान कायम असता वायूवरचा दाब दुप्पट केला की त्याचे घनफळ निम्मे होते, आणि तिप्पट केला की एकतृतीयांश होते. समुद्रसपाटीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला जवळजवळ आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दोन वातावरणे, वीस मीटरवर तीन आणि तीस मीटरवर चार. फुप्फुसांचा आकार मात्र सर्वत्र तोच राहतो. तेव्हा तीस मीटर खोलीवर एकदा छाती भरून घ्यायची, तर पृष्ठभागावर त्याच श्वासाला लागणाऱ्या हवेच्या चौपट हवा टाकीतून खर्च होते. शरीराला तिचा चौपट उपयोग होतो असेही नाही. प्राणवायूची गरज तेवढीच राहते, बाकीची हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर निघून जाते. खोल पाण्यातील वास्तव्याला हे भाडे द्यावेच लागते.

हे आकड्यांत मांडून पाहू. हौशी पाणबुडे सर्वत्र वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे ११ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. तीत २०० बार दाबाने हवा भरली, म्हणजे पृष्ठभागावरील मापाने सुमारे २,२०० लिटर हवा साठते. बार हे दाबाचे एकक असून एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण. शांतपणे पोहणाऱ्या साधारण माणसाला पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर तीन मीटर खोल तलावात त्याचा खर्च मिनिटाला २६ लिटर होईल आणि टाकी सुमारे ८५ मिनिटे पुरेल. दहा मीटरवर तीच टाकी ५५ मिनिटांत, वीस मीटरवर ३७ मिनिटांत आणि तीस मीटरवर अवघ्या २७ मिनिटांत पूर्ण रिकामी होईल. टाकी तीच, माणूस तोच, श्वासाची गतीही तीच. केवळ खोली बदलली.

दिल्लीच्या तलावात शिकणाऱ्याची दिशाभूल होते ती येथे. तेथील पाण्याची खोली बहुधा दोन-चार मीटरच असते. अर्धा-पाऊण तास पाण्याखाली काढून तो वर येतो आणि पाहतो, तर टाकीत निम्म्याच्या आसपास हवा शिल्लक! ही टाकी म्हणजे अक्षय्य पात्रच आहे असा त्याचा समज होतो. शिक्षकाने तोंडी कितीही बजावले तरी अंगाने घेतलेला अनुभव अधिक खोल रुजतो. पुढे दोन महिन्यांनी हाच गृहस्थ अंदमानच्या स्वच्छ निळ्या पाण्यात तीस मीटरपर्यंत उतरतो. पाणी पारदर्शक, प्रवाळ सुंदर, आणि काळाचे भान सुटलेले. तलावात ज्या सुमारास काटा निम्म्यावर असे, त्या वेळेपूर्वीच येथे टाकी कोरडी पडलेली असते.

जुन्या पाणबुड्यांची स्थिती याहून बिकट होती. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत टाकीला दाबमापक लावण्याची पद्धत सर्रास नव्हती. त्याऐवजी एक राखीव झडप असे. दाब सुमारे वीस बारपर्यंत उतरला की ती हवा अडवू लागे आणि श्वास ओढणे जड जाई. मग पाणबुड्याने पाठीमागची दांडी खेचायची, की उरलेली हवा मोकळी होई आणि तेवढ्या हवेवर त्याने वर यायचे. योजना चतुर होती. पण एखादे वेळी ही दांडी कशाला तरी अडकून आधीच खेचली गेलेली असे. मग श्वास जड झाल्यावर हात मागे नेला, की राखीव हवा केव्हाच संपून गेल्याचे उमगे. पुढे दाबमापक सर्वत्र आला आणि त्याबरोबर एक सोपा नियमही रूढ झाला: काटा पन्नास बारवर असेल तेव्हा पाणबुड्याने नौकेवर परतलेले असावे.

हा नियम वाईट नाही. नवशिक्याला तो चटकन पाठ होतो आणि उथळ पाण्यात उपयोगीही पडतो. परंतु पन्नासच का, चाळीस किंवा नव्वद का नाही, हे त्यात सांगितलेले नसते. शिवाय वर पोहोचताना पन्नास बार उरावेत यासाठी खालून केव्हा निघावे, हेही तो सांगत नाही. 'महिनाअखेर पाचशे रुपये उरले पाहिजेत' असे एखाद्या गृहिणीला सांगावे, पण घरभाडे किती आणि वाणसामान किती हे सांगू नये, तशातला हा प्रकार आहे.

हवा संपणे ही पाणबुड्याच्या आयुष्यातील विरळा आपत्ती आहे, असे कोणी समजू नये. डायव्हर्स अॅलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ हौशी पाणबुड्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनर्थाची सुरुवात नेमकी कशाने झाली हे ज्या घटनांत निश्चित करता आले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ते कारण हवा अपुरी पडणे हे होते. साधने बिघडल्याने सुरू झालेले अपघात त्या मानाने पुष्कळच कमी होते. आणि हवा अपुरी पडणे हे कारण असे आहे, की पाण्यात पाय ठेवण्यापूर्वीच ते बहुतांशी टाळता येते.

यासाठी विचारी शिक्षक हिशेबाची दिशाच उलटी करतात. टाकीत हवा किती आणि ती किती वेळ पुरेल, असा प्रश्न ते आधी विचारीत नाहीत. ते विचारतात, की ठरलेल्या खोलीवर, सर्वांत वाईट क्षणी, दोन माणसांना सुखरूप वर यायला किती हवा लागेल? येथे 'दोन माणसांना' हे शब्द कळीचे आहेत. पाणबुडे नेहमी जोडीने उतरतात. प्रत्येकाजवळ आपल्या मुखयंत्राखेरीज आणखी एक मुखयंत्र असते, आणि ते सोबत्यासाठी असते. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने ते पुढे करायचे आणि दोघांनी एकाच टाकीवर श्वास घेत वर यायचे. पण देणाऱ्याच्या टाकीत दोघांपुरती हवाच नसेल, तर ते दुसरे मुखयंत्र नुसते शोभेचे ठरते.

तीस मीटर खोलीचे उदाहरण घेऊ. अशा प्रसंगी दोघेही घाबरलेले असणार, म्हणून प्रत्येकाचा खर्च वीसऐवजी तीस लिटर, म्हणजे दोघांचा मिळून मिनिटाला साठ लिटर धरावा. पहिले एक मिनिट एकमेकांना गाठण्यात, मुखयंत्र देण्यात आणि भानावर येण्यात जाईल. तेथे दाब चार वातावरणे असल्यामुळे या एका मिनिटाला २४० लिटर लागतील. नंतर मिनिटाला नऊ मीटर या सुरक्षित गतीने पाच मीटरपर्यंत यायला सुमारे तीन मिनिटे लागतात. या टप्प्यातील सरासरी दाब पावणेतीन वातावरणांचा, म्हणून येथे ४९५ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे, त्यासाठी २७० लिटर. शेवटचे पाच मीटर सावकाश चढायला एक मिनिट धरले, तर ७५ लिटर. एकूण १,०८० लिटर. त्यांना टाकीच्या ११ लिटरांनी भागले, तर उत्तर ९८ बार येते. हिशेबाला सोयीचे म्हणून शंभर बार धरू.

हा आकडा ऐकून नवशिका चकित होतो. दोनशेपैकी शंभर बार, म्हणजे निम्मी टाकी, राखीव! आणि ज्या पन्नास बारवर त्याने विसंबावे असे त्याला वाटत होते, ते या खोलीवर दोघांच्या निम्म्या वाटेलाही धड पुरत नाहीत. हाच हिशेब अठरा मीटरसाठी केला तर सुमारे ६५ बार येतात, आणि दहा मीटरसाठी केला तर जवळजवळ ५०. म्हणजे पन्नास बारचा लोकप्रिय आकडा चुकीचा नाही. तो दहा मीटरच्या पाण्यातील आहे, एवढेच. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जो नियम पुरेसा असतो, तोच तीस मीटरवर नेला की घात करतो. कारण माहीत नसताना पाठ केलेला नियम आपली हद्द ओलांडून केव्हा बाहेर गेला, हे पाठ करणाऱ्याला कधीच कळत नाही.

राखीव हवा बाजूला काढली म्हणजे मग खर्चाला उरते तिचा विचार करायचा. तीस मीटरवर शंभर बार, म्हणजे ११०० लिटर उरतात. मिनिटाला ८० लिटर या दराने ते चौदा मिनिटांच्या आसपास पुरतील, आणि खाली उतरण्याचा वेळही त्यातच आला. ही चौदा मिनिटेदेखील सर्वत्र सारखी वापरता येत नाहीत. कोठूनही वर आले तरी नौका येऊन घेऊन जाईल अशी परिस्थिती असेल, तर ती सारी हवा खर्च करायला हरकत नाही. पण नांगराच्या दोरापाशीच परत यायचे असेल, तर निम्मी हवा जाण्यासाठी आणि निम्मी येण्यासाठी ठेवावी, आणि काटा दीडशेवर येताच मागे वळावे. जेथे डोक्यावर मोकळे पाणी नसून छत असते, अशा गुहांत उतरणाऱ्यांनी तर तिसऱ्या हिश्श्याचा नियम केला आहे: एक हिस्सा जाण्याचा, एक येण्याचा आणि एक संकटाचा. शेक एक्सली या अमेरिकन गुहा-पाणबुड्याने १९७९ साली गुहांतील अपघातांचे विश्लेषण करून एक पुस्तिका लिहिली, तिच्यामुळे हा नियम दूरवर पोहोचला. हौशी पाणबुड्याने गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरू नये हे खरेच, परंतु जाण्याबरोबरच येण्याचा खर्च मांडण्याची रीत त्याने या लोकांकडून घेण्याजोगी आहे.

हा सारा हिशेब मिनिटाला वीस लिटर या गृहीत आकड्यावर उभा आहे. प्रत्यक्षात हा आकडा माणसागणिक निराळा असतो. कोणाचा पंधरा, कोणाचा पंचवीस. देहाचा आकार, पोहण्यातील सराव, पाण्याचा प्रवाह, थंडी आणि सर्वांत अधिक म्हणजे मनाची स्वस्थता, यांवर तो अवलंबून असतो. म्हणून 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येथे पाळायची, तर आधी अंथरुणाची लांबी मोजली पाहिजे. आणि नेमके हेच काम दिल्लीच्या तलावात उत्तम होऊ शकते. विद्यार्थ्याने तीन मीटर खोलीवर दहा मिनिटे एकसारख्या गतीने पोहावे. आरंभी आणि शेवटी काटा वाचावा. समजा, तो २४ बारने उतरला. २४ ला ११ ने गुणले की २६४ लिटर. त्यांना दहा मिनिटांनी भागले की २६. आणि तेथील १·३ वातावरणे या दाबाने भागले की वीस. हा झाला त्याचा स्वतःचा आकडा. असे चार-सहा वेळा मोजून तो वहीत टिपून ठेवावा आणि समुद्रासाठी त्यात सढळ हाताने भर घालावी, कारण तलावात ना लाटा असतात ना भय.

अशा रीतीने दिल्लीच्या उथळ पाण्याचा दोष गुणात बदलता येतो. तलावात खोलीचा अनुभव देता येत नाही, परंतु खोलीचा हिशेब देता येतो. चांगला शिक्षक तलावाच्या काठावर विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल देतो आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या आकड्यावरून दहा, अठरा आणि तीस मीटरचे गणित त्यांच्याकडूनच करवून घेतो. स्वतः काढलेले उत्तर सहसा विसरले जात नाही. त्यानंतर दोघांनी एकाच टाकीवर श्वास घेत तलावाची लांबी पार करायची, आणि काटा किती वेगाने उतरतो ते डोळ्यांनी पाहायचे. राखीव हवेचा अर्थ मग निराळा समजावून सांगावा लागत नाही.

तापमानाचाही येथे थोडा विचार हवा. टाकी भरताना हवा दाबली जाते आणि तापते, आणि उन्हात ठेवलेली टाकी आणखी तापते. पंचेचाळीस अंश तापलेल्या टाकीचा काटा दोनशे दाखवीत असेल, तर सत्तावीस अंशांच्या समुद्रात उतरताच तो काही मिनिटांत १८९ च्या आसपास येईल. हवा कोठे गळाली नाही, तरी अकरा बार खर्ची पडल्याप्रमाणे दिसतील. म्हणून हिशेब थंड टाकीच्या आकड्यावरून मांडावा.

हवेच्या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. ती किती हवा लागेल याची नसून, शरीरात तिचे काय होते याची आहे. हवेत चार-पंचमांशाच्या जवळपास नत्रवायू असतो. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह शेळ्यांवर प्रयोग करून सुरक्षित आरोहणाची पहिली शास्त्रीय कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. त्याचा पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाखालील वायूंचे परिणाम स्वतःच्या देहावर अजमावले. हाच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तला. दाबाखाली प्राणवायूही विषारी ठरतो, हे त्याने स्वतःवरील प्रयोगांतून अनुभवले होते.

'नायट्रॉक्स' नावाचे मिश्रण वापरणाऱ्याला हे विसरून चालत नाही. त्यात प्राणवायूचे प्रमाण एकवीसऐवजी बहुधा बत्तीस टक्के असते. नत्रवायू कमी असल्यामुळे खाली अधिक वेळ राहण्याची मुभा मिळते. परंतु प्राणवायूचा आंशिक दाब १·४ वातावरणांपलीकडे जाऊ नये असा दंडक आहे. त्यामुळे या मिश्रणाला सुमारे तेहतीस मीटरची मर्यादा पडते. आणि अनेकांचा एक गोड गैरसमज येथे दूर केला पाहिजे. नायट्रॉक्समुळे टाकी अधिक वेळ पुरत नाही. नत्रवायूची मर्यादा वाढते, हवेचा साठा तेवढाच राहतो. मर्यादा वाढली म्हणून जो खाली अधिक काळ रेंगाळतो, त्याने काट्याकडे उलट अधिक वेळा पाहायला हवे.

दिल्लीकराला यातील आणखी एक गोष्ट विशेष लागू पडते. तो समुद्राकडे विमानाने जातो आणि विमानानेच परततो. विमानात हवेचा दाब कमी असतो, आणि अंगात शिल्लक राहिलेल्या नत्रवायूचे बुडबुडे तेथेही होऊ शकतात. म्हणून एकाच उथळ बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा जाणकारांचा सल्ला आहे. कचेरीची रजा सोमवारी संपते म्हणून रविवारी सकाळी शेवटची बुडी आणि दुपारचे विमान, असा बेत आखणाऱ्याने या तासांचाही हिशेब तिकीट काढतानाच केला पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. आता प्रत्येकाच्या मनगटावर संगणक असतो आणि बरोबर वाटाड्या असतो. मौजेसाठी येणाऱ्या माणसाला एवढी बेरीज-वजाबाकी कशाला शिकवावी? त्यामुळे तो बिचकेल आणि पुढचा विद्यार्थी येणार नाही. या आक्षेपात व्यवहाराचा अंश आहे. आठ-दहा आकडे एकदम अंगावर फेकले, तर माणूस गोंधळतो हेही खरे. परंतु मनगटावरचा संगणक घडून गेलेला खर्च मोजतो. शेजारचा सोबती आज अस्वस्थ आहे, प्रवाह उलटा आहे, नांगर दूर राहिला आहे, हे त्याला ठाऊक नसते. आणि वाटाड्याजवळही टाकी एकच असते. त्याच्यामागे सहाजण असतील आणि दोघांची हवा एकदम संपली, तर त्याने कोणाला द्यावी? ज्या जोडीने स्वतःचा हिशेब केला आहे, ती जोडी वाटाड्यावर हा प्रसंग आणत नाही.

शिवाय हा हिशेब भय वाढवीत नाही, कमी करतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास जलद होतो. जलद श्वासाने हवा लवकर संपते. हवा लवकर संपते म्हणून भय आणखी वाढते. हे चक्र ज्याने पाण्याबाहेरच तोडले आहे, तो खाली निश्चिंत असतो. अमुक आकड्यावर वळायचे आणि तमुक आकड्यावर वर निघायचे हे ठरलेले असल्यामुळे मधल्या वेळात त्याला मासे पाहता येतात. ज्याने काहीच ठरवले नाही, त्याला एक तर सारखी काट्याची चिंता, नाही तर काट्याचा पूर्ण विसर. दोहोंतही आनंद नाही.

म्हणूनच जाणते शिक्षक नौकेच्या काठावर बसलेल्या प्रत्येक जोडीला उडी टाकण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारतात. आज किती खोल जाणार? कोणत्या आकड्यावर मागे वळणार? आणि कोणत्या आकड्यावर, समोर काहीही दिसत असले तरी, वर निघणार? दोघांची उत्तरे सारखी आली पाहिजेत. ती वेगळी आली, तर नौकेवरच पुन्हा हिशेब मांडायचा. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात समुद्र कोठे जात नाही.

त्या तिसऱ्या आकड्याखालची हवा पाठीवर असली तरी आपली नसते. ती सोबत्याची ठेव असते. बहुतेक वेळा ती मागितली जात नाही आणि टाकीबरोबर तशीच किनाऱ्यावर परत येते. टाकी भरणारा माणूस ती सोडून देतो आणि नवी हवा भरतो. ती वाया गेली असे अनुभवी पाणबुड्याला कधी वाटत नाही. ज्या दिवशी ती मागितली जाईल, त्या दिवशी ती टाकीत असावी, एवढ्यासाठीच ती दर वेळी खाली नेऊन वर आणायची असते.